टेकली

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटच्या अलीकडे दहा-बारा फुटांवर एक स्पीडब्रेकर आहे. कोणी घातला, कधी घातला कोणालाच माहीत नाही, एका सकाळी उठलो तर तो तिथे होता. त्याच्यावरून माझी गाडी गेली की खालून खर्रर्र आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकून आमचे वॉचमनकाका केबिनमधून उठून गेट उघडायचे. मला हॉर्न वाजवायची वेळ कधी आलीच नाही. तीन वर्षं असंच चाललं.

गाडी म्हणजे ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, २०१० ची. मी तिसरा मालक. ही गाडी मी कॉलेजला असताना पहिल्यांदा फर्ग्युसन रोडवर पाहिली होती आणि तेव्हापासून डोक्यात होती, नवी घेणं कधीच जमलं नसतं, पण जुनी झाल्यावर किंमत उतरत उतरत माझ्या आवाक्यात आली आणि मी बायकोला विचारून (दोन महिने विचारून) घेतली. आधीच्या मालकानं ती लोअर केलेली होती, म्हणजे जमिनीच्या जवळ खाली घेतलेली. आखूड स्प्रिंगा, शॉकअप मात्र मूळचेच. त्यानं कागदपत्रांसोबत स्प्रिंगांचा रिकामा खोकासुद्धा दिला होता, त्याच्यावर ३५ मिमी लिहिलेलं होतं. आणि खरं सांगतो, ती दिसायची फार सुंदर. चाक आणि मडगार्डच्या कडेत दोन बोटंसुद्धा जायची नाहीत, पार्किंगमध्ये उभी असली तरी दबा धरून बसल्यासारखी. संध्याकाळी ऑफिसमधून निघताना मी मागे वळून एकदा बघायचोच. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांना हे सांगून कळणार नाही, ज्यांना आहे त्यांना सांगायला नको.

माझे बाबा भोसरी एमआयडीसीत स्प्रिंगांच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं होते. तार गरम करून गुंडाळणं, मग हीट ट्रीटमेंट, मग शॉट पीनिंग म्हणजे बारीक पोलादी छर्रे मारून तारेची कातडी घट्ट करणं, मग प्रत्येक स्प्रिंग पूर्ण दाबून सोडायची म्हणजे जी काय बसायची ती इथेच बसून घेते, नंतर गाडीखाली बसत नाही. लहानपणी मी कंपनीच्या फॅमिली डेला गेलो होतो तेव्हा ते दाबायचं मशीन पाहिलं होतं, सगळे वेढे एकमेकांना टेकले की टक् असा एक कोरडा आवाज यायचा. बाबा त्याला म्हणायचे "टेकली". घरातही हा शब्द वापरायचे, आजीचा राग, बँकेतला बॅलन्स, सगळं कधी ना कधी टेकायचं.

मागच्या जुलैमध्ये आम्ही दोघं ताम्हिणीत गेलो होतो. आईला पावसात गाडीत बसायला आवडत नाही म्हणून दोघंच. मुळशीच्या पुढे धुकं होतं, रस्ता बरा होता पण मधेमधे पॅच मारलेले, आणि एका डावीकडच्या वळणावर, वेग फार नव्हता, पन्नासच्या आसपास असेल, वळणाच्या ऐन मध्यात एक उंचवटा आला. गाडी दबली, आणि मग दबायची थांबली, म्हणजे एकदम थांबली, टक् आवाज झाला आणि मागची चाकं सरळ एक फूटभर बाहेर सरकली. मी स्टिअरिंग सोडलं नाही, गाडी आपली आपण सावरली, समोरून कोणी येत नव्हतं. दोघंही अर्धा मिनिट काही बोललो नाही. मग बाबा समोर बघतच म्हणाले, "टेकली रे."

मी म्हणालो, "ओला रस्ता आहे बाबा."

"ओल्या रस्त्यावर घसरते ती अशी घसरत नाही. ही आधी टेकली, मग घसरली."

परत येईपर्यंत मी वाद घालत होतो पण मनात मला पटलेलं होतं. टायरची पकड ही त्याच्यावर किती वजन आहे आणि ते वजन किती शांतपणे येतंय जातंय याच्यावर असते. स्प्रिंग दबत असते तोपर्यंत वजन हळूहळू वाढतं, पण सस्पेन्शनची जागा संपून बंप स्टॉप, म्हणजे शेवटी अडवणारा ठोकळा, चेपला की त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कित्येक पट होतो, टायरवर एकदम धक्का येतो, लगेच पुढच्या क्षणी तो हलका होतो, आणि वळणात असताना हलक्या टायरला धरून ठेवायला काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला लिफ्टवर घेतली. पुढचे बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेले पॉलियुरेथेनच्या फोमचे ठोकळे, चहात बुडवलेल्या खारीसारखे झाले होते, हात लावला की भुगा. मागच्या एका शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळून त्यावर धूळ बसून काळा थर झालेला. आणि मागच्या टायरची आतली कड, जी उभं राहून कधीच दिसत नाही, तिथे रबर संपून तारा दिसायला लागल्या होत्या. गाडी खाली घेतली की मागच्या लिंकांचा कोन बदलतो, चाकं वरून आत झुकतात, टो म्हणजे वरून बघताना चाकांचा रोख बदलतो, आणि अलाइनमेंट करताना ते कोणी नीट परत आणलेलं नव्हतं. मी तीन वर्षं बाहेरून बघून खूश होतो.

मग सुरू झाली शोधाशोध. सगळं नवीनच घ्यायचं होतं, पण काय घ्यायचं? माझं मन पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, बिलस्टाइनचा बी१२ किट, म्हणजे त्यांचे आखूड बी८ शॉकअप आणि आयबाखच्या साधारण पंचवीस-तीस मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा. दोन्ही जर्मन कंपन्या, दोघींनी एकमेकींसाठी जुळवून दिलेलं, जगभरात लोक लावतात. म्हणजे गाडी खालीच राहील आणि शॉकअप तरी योग्य येतील. आधीच्या मालकाची चूक मला तेवढीच वाटत होती की त्यानं आखूड स्प्रिंगांवर मूळचे लांब शॉकअप ठेवले. ती चूक होतीच. लांब शॉकअपचा दांडा आधीच अर्धा आत गेलेला असतो, रोज वेगळ्याच जागेत काम करतो, आणि चाक हवेत लोंबकळलं की आखूड स्प्रिंग आपल्या वाटीत सैल पडते, शेवटचे पातळ वेढे तिला कसंबसं धरून ठेवतात.

पण बाबा ऐकेनात. त्यांचं म्हणणं एकच, जागा किती आहे ते आधी सांग.

आम्ही सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये सुरू झाली आणि अर्ध्या पुण्याला ती वेताळ टेकडी संस्थेच्याच नावानं माहीत आहे, तर त्या चढावर धाप लागलेली असताना बाबांनी मला जे समजावलं ते मी कुठल्याही ब्रोशरमध्ये वाचलेलं नाही. ते म्हणाले, समज उभ्या गाडीत चाकाला वर जायला सत्तर मिलिमीटर जागा आहे. खड्ड्यातून बाहेर येताना गाडी खाली आदळते, तिची जी काही ताकद आहे ती स्प्रिंगनं त्या सत्तरमध्ये गिळायची. आता तू तिला पस्तीस खाली घेतलीस, जागा निम्मी राहिली. तर तेवढीच ताकद निम्म्या जागेत गिळायला स्प्रिंग किती कडक पाहिजे? मी म्हणालो दुप्पट. ते थांबले, काठीनं मातीत लिहिलं. स्प्रिंगमध्ये साठणारी ताकद ही अर्धा गुणिले कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग. वर्ग! जागा निम्मी तर कडकपणा चौपट पाहिजे. आणि बाजारातली लोअरिंग स्प्रिंग किती कडक असते? मूळच्यापेक्षा वीस-तीस टक्के. बाकीचं कोण गिळणार? तो फोमचा ठोकळा. म्हणून त्याची खारी झाली.

मला आठवतं मी तिथे त्या मातीतल्या आकड्यांकडे बघत उभा राहिलो होतो आणि मागून येणारे काका आम्हाला वळसा घालून गेले. इतकी वर्षं मी स्प्रिंग म्हणजे मऊ की कडक एवढाच विचार करत होतो. सगळेच करतात, कडक म्हणजे स्पोर्टी, मऊ म्हणजे फॅमिली गाडी. पण निवड खरी कडकपणाची नसून चाकाला हलायला किती जागा ठेवायची याची आहे, कडकपणा हा त्या जागेचा हिशेब लागल्यावर आपोआप ठरतो.

चौपट कडक का नाही करायची मग? रेसिंगच्या गाड्या करतातच की, पण त्यांचा ट्रॅक गुळगुळीत असतो. बाबांच्या कारखान्यातला एक जुना ठोकताळा आहे, गाडीच्या वजनानं स्प्रिंग चाकाशी मोजून किती सेंटिमीटर दबते ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, पाचाला त्यानं भागा, गाडी सेकंदाला तितक्या वेळा वरखाली डोलणार. सोळा सेंटिमीटर दबत असेल तर पाच भागिले चार, सव्वा वेळा, आरामशीर गाडी. नऊ दबत असेल तर पाच भागिले तीन, पावणेदोनच्या थोडं खाली, ही स्पोर्ट्स कार. सव्वासहा दबत असेल तर बरोबर दोन. त्याच्या पुढे गेलं की रोजच्या रस्त्यावर पाठीचे मणके मोजता येतात. माणसाचं शरीर उभ्या धक्क्यांना सगळ्यात जास्त कुरकुरतं ते सेकंदाला चार ते आठ वेळाच्या पट्ट्यात, आणि बंप स्टॉपवर बसलेली गाडी तुम्हाला नेमकी त्या दिशेला ढकलते.

इथे एक गोष्ट मला फार आवडली म्हणून सांगतोच. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅकला गेला, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, तोपर्यंत लोक पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा कडक ठेवायचे. त्यानं एका मोठ्या गाडीवर पुढेमागे सरकवता येणारी वजनं लावली आणि माणसं बसवून नुसतं फिरवलं, वजनं बदलून, स्प्रिंगा बदलून. आणि असं निघालं की मागचा डोल पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवला तर गाडी पुढेमागे होडीसारखी झुलत नाही. कारण उंचवट्यावर पुढची चाकं आधी चढतात, मागची नंतर, माझ्या गाडीच्या दोन चाकांत साधारण अडीच मीटर अंतर आहे म्हणजे ताशी साठला मागचं चाक सुमारे ०.१५ सेकंद उशिरा चढतं, आणि मागचं जलद डोललं की ते पुढच्याला गाठतं आणि दोन्ही एकत्र वरखाली होतात. नव्वद वर्षांपूर्वी माणसाच्या बुडाला विचारून काढलेलं उत्तर अजून वापरात आहे. आणि आपण पुढची एका कंपनीची, मागची दुसऱ्या कंपनीची स्प्रिंग लावतो, फक्त गाडी समोरून खाली दिसावी म्हणून!

बरं, आता शॉकअप. स्प्रिंग ताकद साठवते आणि परत देते, ती संपवत नाही, संपवायचं काम शॉकअपचं. तेल बारीक वाटांमधून ढकलायचं, त्यात ते तापतं आणि ती उष्णता हवेत जाते, बस. स्प्रिंग कडक केली की शॉकअपही तिच्या मानानं कडक लागतो, पण सरळ प्रमाणात नाही तर वर्गमुळाच्या, स्प्रिंग पंचवीस टक्के कडक तर डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा डोल आवरायचा जोर, साधारण बारा टक्के वाढवलं की तोल पूर्वीसारखाच राहतो. मूळचा शॉकअप नवा असता तर थोडा कमी पडला असता, माझा तर गळत होता. आणि जास्त कडक पण चालत नाही, विशेषतः परतीच्या बाजूला, म्हणजे स्प्रिंग उलगडताना. उलगडायच्या आत पुढचा खड्डा आला तर गाडी तेवढी खालीच राहते, त्याच्या पुढच्याला अजून खाली, असं करत करत सलग चार-पाच दणक्यांत ती स्वतःच लोअर होते. पुण्यात पाऊस सुरू झाल्यावर सलग चार-पाच दणके शोधायला लांब जावं लागत नाही.

बाबांनी विचारलं होतं, "गॅब्रिएल १९६१ पासूनची कंपनी, इथे चाकणला शॉकअप बनवते, आणि तू जर्मनीहून का मागवतोस?" प्रश्न रास्त होता. या गाडीच्या मापाचे हवे तसे शॉकअप मला इथे मिळाले नाहीत एवढंच उत्तर, आणि ते देताना मला वाईट वाटलं, कारण ज्या शहराच्या भोवती इतक्या स्प्रिंगा आणि शॉकअप बनतात तिथल्या हौशी माणसानं कस्टम ड्यूटी भरून पार्सलची वाट बघत बसावं हे काही बरं नाही.

शेवटी यादीत तीन राहिले. कोनीचे पिवळे, नेदरलँड्सची ही कंपनी १८५७ मध्ये घोड्यांचं सामान बनवायची आणि नंतर शॉकअपकडे वळली, त्यांच्या पिवळ्या शॉकअपची परतीची बाजू स्क्रूनं कमीजास्त करता येते, हे मला फार मोहक वाटत होतं. दुसरे बिलस्टाइनचे बी६, तिसरा कॉइलओव्हरचा सेट, म्हणजे शॉकअपच्या अंगावरच आटे असतात आणि स्प्रिंगची वाटी फिरवून उंची हवी तशी करता येते.

कॉइलओव्हरबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि कोणाला आवडणार नाही. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने त्या आट्यांवर चिखल बसतो, मग गंजतो, आणि दोन पावसाळ्यांनी ती वाटी पान्यानं पण फिरत नाही, म्हणजे ज्या सोयीसाठी पैसे मोजले ती सोयच जाते. जो माणूस महिन्याला काढून साफ करेल त्यानं जरूर घ्यावं. आणि उंची हातात आली की माणूस खालीच घेतो, वर कोणी घेत नाही. मी तर घेतलीच असती.

बी६ आणि बी८ यांतला फरक समजायला मला आठवडा लागला. दोन्ही मोनोट्यूब, म्हणजे एकच नळी, तिच्यात तेल आणि खाली तरंगत्या पिस्टननं वेगळा ठेवलेला जास्त दाबाचा नायट्रोजन. साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या एकात एक असतात आणि सतत आपटलं की तेलात हवा मिसळून फेस होतो, फेस कसला डॅम्पिंग देणार. मोनोट्यूबमध्ये गॅस वेगळा राहतो म्हणून फेस धरत नाही, आणि तेलाची नळी थेट हवेला लागून असल्यानं थंड लवकर होते. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ दी कार्बोन यांची, बिलस्टाइननं १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी तिचं उत्पादन सुरू केलं. फरक एवढाच की बी८ आखूड केलेला, लोअर केलेल्या गाडीसाठी, आणि बी६ मूळ उंचीसाठी. म्हणजे शॉकअप निवडायचा तर आधी उंची निवडायला पाहिजे, फिरून परत बाबांच्या प्रश्नावरच आलो.

एका रविवारी बाबा टेप घेऊन खाली गेले आणि आमचा तो स्पीडब्रेकर मोजून आले. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ चं एक मार्गदर्शक होतं, आयआरसी ९९, त्यात स्पीडब्रेकर कसा असावा ते दिलं होतं, रस्त्याच्या दिशेनं ३.७ मीटर लांब, मधे १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येची गोलाई, ताशी २५ नं आरामात जाता यावं म्हणून. बाबांनी आधी कागदावर ताळा करून बघितला की ३.७ चा चाप आणि १७ ची त्रिज्या घेतली तर मधली उंची खरंच दहा सेंटिमीटर येते का. आली. मग आमचा मोजला. लांबी साठ सेंटिमीटर, उंची चौदा. ते वर आले, कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "गाडी या रस्त्यासाठी घ्यायची का त्या फोटोतल्या रस्त्यासाठी, ते तू ठरव. मी काही बोलणार नाही."

मी दोन दिवस काही ठरवलं नाही. खरं सांगायचं तर मला रडू येईल असं वाटत होतं, आणि हे वाक्य लिहिताना मला लाज वाटत नाही. ती गाडी खाली बसलेलीच मला भेटली होती, तीच मी मागे वळून बघायचो. मूळ उंचीच्या स्प्रिंगा म्हणजे ती चार बोटं वर, लग्नात उसनी पॅन्ट घालून आलेल्या मुलासारखी.

पण अजून एक गोष्ट वाचून माझं मन वळलं. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या रचनेत, गाडी खाली घेतली की खालचा हात, म्हणजे कंट्रोल आर्म, बाहेरच्या टोकाला वर झुकतो. त्यामुळे ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते, तो रोल सेंटर, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षाही जास्त वेगानं खाली जातो. केंद्र पस्तीस मिलिमीटर खाली आलं याचा आनंद करायचा, पण दोघांमधलं अंतर वाढलं म्हणजे कलवणारी तरफ लांब झाली, आणि चाक दबताना जेवढं आत झुकून रस्ता धरायला हवं तेवढंही झुकत नाही. म्हणजे मी ज्याला हँडलिंग समजत होतो त्यातला बराच भाग नुसता कडकपणा होता. ज्या इंजिनिअरांनी या गाडीची बॉडी पुढे अ‍ॅल्युमिनियम आणि मागे पोलाद अशी वजनाचा तोल बघून जोडली, त्यांनी त्या हातांचे कोन काही असेच ठेवले नसणार.

मूळ उंचीच्या कंपनीच्या स्प्रिंगा आणि बी६ मागवले. कोनीचा स्क्रू सोडताना जीव थोडा तुटला.

पार्सल आल्यावर बाबांनी एक स्प्रिंग वर्तमानपत्रावर ठेवून व्हर्नियरनं तार मोजली, दोनदा. तारेच्या जाडीचा चौथा घात कडकपणात येतो, त्यामुळे बारा मिलिमीटरची तार तेरा केली तर बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग अडतीस टक्के कडक होते, आणि वेढा कापून गाडी खाली घेणारे लोक वेढे कमी करून तिला कडकही करतात आणि टोकाची बैठकही घालवतात. त्यांच्या कारखान्यात गॅरेजवाले कापलेल्या स्प्रिंगा घेऊन यायचे, अशीच पण नवीन बनवून द्या म्हणून, आणि बाबा त्यांना परत पाठवायचे.

स्ट्रट माउंट, बेअरिंग, लिंक रॉड, डस्ट बूट, नवे बंप स्टॉप आणि बोल्ट, या गाडीत बरेच बोल्ट एकदा ताणून घट्ट केले की परत वापरायचे नसतात. यातलं काही नाना पेठेत मिळालं, काही नाही. फिटिंगला बाबा स्टूल घेऊन गॅरेजमध्ये बसले होते. पुढची स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दाबताना त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, मलाही. दर मिलिमीटरला दोन किलो घेणारी स्प्रिंग पंधरा सेंटिमीटर दाबली तर तिच्यात जी ताकद असते ती म्हणजे तेवीस किलोची गोणी मीटरभर उंचीवरून पडल्यासारखी, आणि ती सुटली तर कुणीकडे जाईल सांगता येत नाही.

मेकॅनिक दादा चांगला माणूस, हात सफाईदार, पण मागच्या लिंकांचे बोल्ट त्यानं गाडी लिफ्टवर असतानाच घट्ट करायला घेतले. बाबा म्हणाले, "थांबा हो दादा. आत्ता चाकं लोंबकळतायत. आत्ता आवळले तर बुशचं रबर याच जागी पकडणार, गाडी खाली ठेवली की पिळलेलंच राहणार कायम, सहा महिन्यांत फाटेल." दादानं क्षणभर बघितलं, मग काही न बोलता चाकांखाली ठोकळे लावले, गाडीचं वजन चाकांवर घेतलं आणि मग आवळले. संध्याकाळी चहा पिताना तो बाबांना विचारत होता, काका, तुम्ही कुठं होता कामाला?

पहिल्या दिवशी ती मला खरंच उंच दिसली. मी पार्किंगमध्ये मागे वळून बघितलं आणि लगेच पुढे बघितलं. तीनशे-चारशे किलोमीटर झाल्यावर रबरं आणि स्प्रिंगा आपापल्या जागी बसल्या, मग अलाइनमेंट केलं, आणि आता मला ती उंच वाटत नाही, किंवा डोळ्याला सवय झाली असेल.

सप्टेंबरमध्ये परत ताम्हिणीत गेलो, तेच वळण, तोच उंचवटा, अजून कोणी बुजवलेला नाही. बाबांनी दाराच्या वरचं हँडल आधीच धरून ठेवलं होतं. गाडी दबली, दबत गेली, अजून थोडी दबली, आणि एका श्वासात परत वर येऊन जिथे होती तिथे थांबली. स्टिअरिंग हातात हललंसुद्धा नाही. वेग मागच्यापेक्षा थोडा जास्तच असावा. बाबांनी हँडल सोडलं, खिशातून लिमलेटची गोळी काढली आणि मला पण दिली.

रात्री नऊच्या सुमारास घरी पोचलो. स्पीडब्रेकरवरून आरामात पलीकडे उतरलो आणि गेटसमोर थांबलो. गेट बंद. केबिनमध्ये लाइट होता, रेडिओ चालू होता, वॉचमनकाका पाठमोरे बसलेले. आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून राहिलो, मग बाबा म्हणाले, "अरे, हॉर्न वाजव."